ओळीमागचा माणूस

आमची आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिका होती. आता तिला नीट दिसत नाही, पण तिचे कान तिखट आहेत आणि प्रश्न त्याहून तिखट. मागे एकदा नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी गेलो असता तिने जवळ बसवून विचारले, "काय रे, तू त्या यंत्रासमोर बसून रोगाचा शोध करतोस म्हणे. रोग्याला कधी हात लावलास का?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न गेला नाही. परतीच्या प्रवासात तो आमच्याबरोबर गाडीत होता, आणि आजही प्रयोगशाळेतील थंड खोलीत तो आमच्या शेजारी बसलेला असतो. त्या प्रश्नाविषयी आज दोन शब्द लिहावे असे वाटते. विषय आमच्या अभ्यासाचा असला, तरी प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही हे वाचकांच्या लक्षात येईलच.

आम्ही संगणकीय जीवशास्त्राचे विद्यार्थी. हे नाव मोठे असले तरी काम समजण्यास अवघड नाही. प्राण्याच्या वा माणसाच्या शरीरात काय चालले आहे याची मोजमापे आता इतक्या मोठ्या संख्येने मिळतात की ती हाताने पडताळून पाहणे कोणासही शक्य नाही. म्हणून ती संगणकाला द्यावयाची व त्यांतून अर्थ काढावयाचा. या शास्त्राच्या आरंभीच्या काळात, 1965 साली, अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषीने तोवर माहीत असलेल्या प्रथिनांच्या रचनाक्रमांचे एक पुस्तक काढले. त्यात सुमारे पासष्ट प्रथिने होती. पुढे 2003 साली मानवी जनुकसंचाचा प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा सुमारे तीनशे कोटी अक्षरे वाचून झाली होती. आपल्याकडे पुणे विद्यापीठात 1987 पासून या विषयाचे केंद्र आहे. अशा रीतीने एका पिढीच्या अवधीत हे शास्त्र पुस्तकातून निघून प्रचंड यंत्रांत जाऊन बसले.

आमच्या वाट्याला आलेले काम क्षयरोगाचे. रोग्यांच्या व निरोगी माणसांच्या रक्तात कोणती जनुके अधिक जागी आहेत व कोणती निजलेली आहेत हे पाहावयाचे आणि कोणाला रोग बळावण्याचा धोका आहे हे त्यावरून आधीच सांगता येईल काय ते तपासावयाचे. आमच्यासमोर एक लांबरुंद तक्ता असतो. त्यात एका माणसासाठी एक आडवी ओळ, आणि त्या ओळीत वीस हजारांच्या आसपास आकडे. माणसाचे नाव नसते. एक क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, रोगी की निरोगी, एवढेच. आमच्या तक्त्यात शहाण्णव ओळी होत्या. म्हणजे शहाण्णव माणसांनी कोठल्या तरी दवाखान्यात बाही वर सरकवून रक्त दिले होते. त्यांपैकी एकालाही आम्ही पाहिलेले नव्हते.

एके दिवशी संध्याकाळी असे झाले. तक्ता वापरण्यापूर्वी आम्ही एक साधी तपासणी करतो. स्त्रीच्या पेशींत 'झिस्ट' नावाचे एक जनुक जागे असते, पुरुषाच्या पेशींत ते निजलेले असते. उलट पुरुषाच्या पेशींत वाय गुणसूत्रावरील काही जनुके जागी असतात, जी स्त्रीच्या पेशींत मुळात नसतातच. काही विरळ अपवाद सोडले तर ही खूण पक्की. आमच्या तक्त्यात दोन ओळी या कसोटीस उतरल्या नाहीत. एका ओळीवर 'स्त्री' लिहिले होते, पण रक्त पुरुषाचे होते; तिच्या लगतच्या ओळीवर 'पुरुष' लिहिले होते, आणि रक्त स्त्रीचे.

त्या वेळी एका परिषदेस निबंध पाठवण्यास तीन आठवडे उरले होते. निष्कर्ष चांगला दिसत होता. चौदा जनुकांची एक यादी हाती आली होती व ती रोगी आणि निरोगी यांना बऱ्यापैकी वेगळे करीत होती. शेजारच्या टेबलावरील मित्र म्हणाला, "अरे, शहाण्णवातून दोन गेल्या तर काय बिघडले? चौऱ्याण्णव उरतात की. काढून टाक आणि पुढे चल."

हा मित्र वाईट माणूस नाही. तो कष्टाळू आहे, कोणाचा पैसा बुडवणार नाही, परीक्षेत कधी कोणाचे पाहून लिहिले नसेल. शिवाय त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असेही नाही. ओळी गाळाव्या लागतात. कधी रक्त साकळलेले असते, कधी यंत्र बिघडते. असे नमुने ठेवले तर उलट सत्यालाच बाधा येते. मग प्रश्न असा की, ओळ गाळणे हे केव्हा शुद्ध काम आणि केव्हा खोटेपणा? खोटा आकडा लिहिणारा खोटारडा, हे लहान मुलालाही समजते. परंतु ज्याने खोटे काही लिहिले नाही, फक्त अडचणीचे होते ते काढून टाकले, त्याला काय म्हणावे?

याबाबतीत आमच्या शास्त्रात एक घटना घडलेली आहे. ती थोडक्यात सांगतो.

2006 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची मोजमापे पाहून कोणत्या रोग्याला कोणते औषध लागू पडेल हे आधी सांगता येईल, असा त्यांचा दावा होता. कर्करोग्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना याहून मोठी आशा ती कोणती? ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांनाही ही रीत वापरावीशी वाटली, म्हणून त्यांनी आपल्याकडील दोन संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स यांना, ती तपासून देण्यास सांगितले. त्या दोघांना ते निष्कर्ष काही केल्या पुन्हा मिळेनात. शोधता शोधता असे आढळले की जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या. म्हणजे आकडे एका जनुकाचे आणि नाव त्याच्या शेजाऱ्याचे. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी ज्यांना औषध लागू पडते व ज्यांना पडत नाही, त्यांच्या चिठ्ठ्याच उलट लागल्या होत्या. एखाद्या रोग्यासाठी नेमके निरुपयोगी औषध निवडले जाण्याचा हा मार्ग होता.

त्यांनी 2007 मध्ये व पुन्हा 2009 मध्ये हे छापून मांडले. पण तोवर त्या रीतीच्या आधारे खऱ्या रोग्यांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांत शंभराहून अधिक माणसे दाखल झाली. 2009 मध्ये चाचण्या थांबवल्या गेल्या, 2010 च्या आरंभी पुन्हा सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी कायमच्या बंद झाल्या. मूळ निबंध 2011 मध्ये मागे घेण्यात आला. 2015 साली अमेरिकेच्या सरकारी चौकशी कार्यालयाने असा निष्कर्ष दिला की प्रमुख संशोधकाने आपल्या संशोधनात खोटी माहिती घातली होती. त्यांनी तो निष्कर्ष मान्यही केला नाही आणि अमान्यही केला नाही. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. एका माणसाला दगड मारून आपले हात स्वच्छ होत नाहीत.

आमच्या मनात मात्र या हकीकतीतील दुसराच माणूस राहिला आहे. त्या प्रयोगशाळेत वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी काम करीत होता. 2008 सालीच त्याच्या ध्यानात आले होते की येथे काहीतरी चुकते आहे. त्याने आपल्या शंका सविस्तर लिहून वरिष्ठांना दिल्या. त्याच्या म्हणण्याचे चीज झाले नाही. तेव्हा त्याने निबंधांवरील आपले नाव काढून घेतले, ती प्रयोगशाळा सोडली व संशोधनाचे एक वर्ष पुन्हा केले. त्याचे ते टिपण जगापुढे आले 2015 मध्ये. म्हणजे सात वर्षे ते कागद पडून होते. तो विद्यार्थी होता, आम्हीही विद्यार्थी आहोत. अधिकार नसलेल्याच्या हाती काय असते, हे त्याच्यावरून कळते: एक कागद, आणि आपले नाव.

आता आमच्या दोन ओळींकडे येऊ. त्या रात्री त्या काढून टाकण्यासाठी बोट कळेवर ठेवले होते हे कबूल केले पाहिजे. थांबलो ते कोणत्या थोर विचाराने नव्हे. आजीची एक जुनी गोष्ट आठवली म्हणून. ती म्हणत असे, "औषध देण्यापूर्वी रोग्याला नाव विचारायचे. नाव ठाऊक असले तरी विचारायचे. रोज विचारायचे." लहानपणी आम्हांला हे हास्यास्पद वाटे. महिनाभर त्याच खाटेवर पडलेल्या माणसाला रोज नाव काय विचारायचे? आजी म्हणे, "खाट तीच असते रे, माणूस बदललेला असतो. आणि चूक झाली तर ती खाटेला भोवत नाही, माणसाला भोवते."

तेव्हा आम्ही त्या दोन ओळी कोठून आल्या ते पाहू लागलो. आठ आठ नळ्यांच्या बारा रांगा होत्या. त्या दोन्ही ओळी एकाच, पाचव्या रांगेतल्या. त्या रांगेत सात स्त्रिया व एक पुरुष होता. आणि मग एकदम ध्यानात आले. समजा, त्या रांगेतील सर्वच नळ्या एकेक घर सरकल्या असतील, तर काय दिसेल? पुरुषाच्या जागी स्त्री दिसेल आणि त्याच्या आधीच्या स्त्रीच्या जागी पुरुष दिसेल. उरलेल्या सहा ठिकाणी एका स्त्रीच्या जागी दुसरी स्त्री, म्हणून तेथे काहीच चुकलेले दिसणार नाही. दोन चुका उघड होत्या. सहा झाकलेल्या होत्या. आम्ही त्या दोन ओळी काढल्या असत्या, तर चूक गेली नसती, चुकीचे साक्षीदार गेले असते. उरलेल्या सहा ओळी तक्त्यात तशाच बसल्या असत्या, आणि तक्ता मात्र निर्दोष दिसला असता.

हे समजले तेव्हा आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. कारण नळ्या भरण्याचे काम प्रयोगशाळेतील मदतनिसांचे. त्यांना आम्ही सर्व काका म्हणतो. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, आणि ते वर्ष संपत आले होते. आम्ही अहवाल दिला तर पहिला बोट त्यांच्याकडे वळणार. एका बाजूस ज्यांना कधी पाहिले नाही असे आठ जण, आणि दुसऱ्या बाजूस रोज आम्हांला चहा आहे काय विचारणारा एक. सत्य सांगावे तर याचे पोट, आणि न सांगावे तर त्यांचे रक्त. नीतीचे प्रश्न पुस्तकात सरळ असतात. प्रयोगशाळेत त्यांना चेहरा असतो.

शेवटी आम्ही अहवाल लिहिण्यापूर्वी काकांकडेच गेलो व जे दिसले ते सांगितले. ते रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. त्यांनी खणातून एक शाळकरी वही काढली आणि तारीख शोधून पान आमच्यापुढे धरले. पेन्सिलीने लिहिले होते: वीज गेली, पाचव्या रांगेतील पहिली नळी गळत होती, तिच्यातील रक्त नव्या नळीत घेऊन ती शेवटच्या घरात ठेवली, बाकीच्या एकेक घर पुढे घेतल्या. आम्ही म्हणालो, "काका, हे तुम्ही कळवले का नाही?" ते म्हणाले, "तुम्ही दिलेल्या कागदावर लिहायला जागा कुठे होती?"

तो कागद आम्हीच तयार केलेला होता. त्यात नळीचा क्रमांक होता, तारीख होती, वेळ होती, सही होती. शेऱ्यासाठी रकाना नव्हता. संगणकाला शेरे समजत नाहीत, म्हणून आम्ही तो ठेवला नव्हता. ज्या माणसाने चूक केली असे आम्ही समजत होतो त्याने सत्य जपून ठेवले होते, आणि ते सांगण्याची वाट आम्हीच बंद केली होती. अहवालात आम्ही तसे लिहिले. मार्गदर्शकांनी तो वाचला व एवढेच म्हणाले, "आता आठही ओळी आपापल्या जागी लावून पुन्हा गणित कर." केले. चौदांपैकी पाच जनुके यादीतून गळाली, दोन नवी आली, आणि निष्कर्ष पूर्वीइतका देखणा राहिला नाही. त्या वर्षी परिषदेस निबंध गेला नाही. काकांची नेमणूक पुढे चालू राहिली. ती आमच्यामुळे राहिली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

यावरून आम्ही स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. ओळ गाळावयाची असेल तर तिचे कारण निष्कर्ष पाहण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि गाळली हे उघड लिहिता यावे. जे लिहावयास लाज वाटते ते करावयाचे नाही. ओळ गाळणे हा दोष नव्हे. गाळून काहीच गाळले नाही असे दाखवणे हा दोष होय.

कोणी म्हणेल, हे सर्व यंत्रावर सोपवावे. यंत्राला लोभ नाही, परिषदेची घाई नाही. पण यंत्राचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. 'एक्सेल' नावाचा तक्ते करण्याचा कार्यक्रम आज कचेरीपासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र वापरतात. जनुकांची काही नावे इंग्रजी महिन्यांसारखी होती. एकाचे 'मार्च-वन', एकाचे 'सेप्ट-टू'. एक्सेल त्यांना तारखा समजून मुकाट्याने पहिली मार्च व दुसरी सप्टेंबर करून टाकी. ही अडचण 2004 मध्येच कोणी दाखवून दिली होती. 2016 साली तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली. अखेरीस 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावे बदलली. यंत्राने कपटाने काही केले नव्हते. त्याने मदतच केली होती. न विचारता केलेली मदत व न सांगता केलेली दुरुस्ती किती महाग पडते, हे घरातील वडील माणसे जाणतातच.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही यंत्रावर अन्याय करू. प्रथिनाची साखळी कशी घडी घेते हा पन्नास वर्षे न सुटलेला प्रश्न होता. 2020 साली 'अल्फाफोल्ड' या संगणकीय रीतीने त्यात मोठी मजल मारली, आणि 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना त्यासाठी, व डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने रचण्यासाठी मिळाले. या यशात आम्हांला दोन गोष्टी विशेष वाटतात. एक ही की, ते यंत्र ज्या माहितीवर शिकले ती 1971 पासून जगभरच्या संशोधकांनी एका सामायिक कोठारात ठेवलेली होती. आरंभी त्यात सात रचना होत्या, आज दोन लाखांहून अधिक आहेत; एकेका रचनेमागे कोणाचे तरी महिने, कधी कोणाची वर्षे गेलेली. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 साली सहकाऱ्यांसह काढलेला आलेख अशा रचना तपासण्यासाठी आजही वापरतात. दुसरी गोष्ट अशी की, हे यंत्र उत्तराबरोबर प्रत्येक भागाविषयी आपली खात्री किती हेही शून्य ते शंभर या आकड्यांत सांगते. जेथे त्याला नीट माहीत नाही तेथे ते तसे दाखवते. यंत्राकडून आपण जी विनयाची अपेक्षा करतो ती स्वतःकडून करतो काय?

एक शंका उरते. आजीच्या प्रश्नात असा भाव होता की रोग्याला पाहिले नाही म्हणजे त्याची काळजी नाही. हे पूर्ण खरे नाही. आमच्या तक्त्यात नाव नसते ते निष्ठुरपणाने नव्हे. ते झाकलेले असते ते त्या माणसाच्या भल्यासाठी. 1951 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स ही कर्करोगाने आजारी असलेली कृष्णवर्णीय स्त्री वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, आणि त्या आजवर जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. नळ्यांवर तिच्या नावाची आद्याक्षरे राहिली, माणूस विसरला गेला. पुढे 2013 मध्ये त्या पेशींचा सर्व जनुकसंच संशोधकांनी प्रसिद्ध करून टाकला, तोही घरच्यांना न विचारता. त्यांच्या मुलानातवंडांच्या शरीराविषयी त्यात काय काय कळू शकेल याचा कोणी विचारच केला नव्हता. घरच्यांनी हरकत घेतल्यावर ती माहिती मागे घेण्यात आली, आणि त्याच वर्षी असे ठरले की ती कोणास द्यावी याचा निर्णय करणाऱ्या समितीत कुटुंबातील माणसेही बसतील. आपल्याही देशात दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधनासाठी उपलब्ध झाली. ते दहा हजार आकडे नव्हेत. दहा हजार घरे आहेत. ज्यांचे नाव आपल्याला कळू नये त्यांच्याविषयीही आपण विश्वासू राहावे, हे अधिक कठीण कर्तव्य आहे, कारण तेथे आपल्याला पाहणारे कोणी नसते.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही असे आरंभी म्हटले. त्याचे कारण असे की आम्ही तो प्रयोगशाळेत शिकण्याच्या पुष्कळ आधी शब्बाथ शाळेत पाहिला होता, फक्त तेव्हा ओळखला नाही.

सीमाभागातील आमच्या लहानशा मंडळीत शब्बाथ शाळेचा पट तीस मुलांचा होता. एका वर्षी अशी रीत सुरू झाली की दानाचे नाणे आणणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहावयाची. मुलांना गोडी लागावी हाच हेतू. उपस्थिती चांगली राहिली. दर आठवड्यास तीसपैकी अठ्ठावीस. वार्षिक अहवालात लिहिण्यासारखा आकडा होता. परंतु आमच्या बाईंना ते दोन सलत होते. दोघे भाऊ चार रविवार आले नव्हते. बाई एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. वडिलांचे काम सुटले होते, नाणे देणे होत नव्हते, आणि फळ्यावर आपले नाव नाही हे मुलांना सोसवत नव्हते, एवढेच. बाईंनी पुढच्या रविवारी काही न बोलता फळा पुसला. त्यानंतर हळूहळू कळले की येणाऱ्या अठ्ठाविसांतही काही मुले शेजाऱ्याकडून नाणे मागून आणीत होती, आणि एक मुलगी तर खाऊ न घेता पैसा राखून ठेवीत होती. दोघे दिसले, बाकीचे हजर होते म्हणून दिसत नव्हते.

मेंढपाळाचा दृष्टांत आपण सर्वांनी शिकवला आहे. शंभरातील एक मेंढरू हरवते आणि तो नव्व्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघतो. आमच्या शास्त्रात नव्व्याण्णव टक्के म्हणजे पेढे वाटण्याजोगे यश. पुष्कळ वर्षे आम्ही तो दृष्टांत प्रेमाचा म्हणून ऐकला, आणि तो प्रेमाचा आहेच. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एक कमी आहे हे त्याला कळले, कारण त्याने मोजले होते. प्रेम आणि हिशेब यांचे वैर आहे असे आपण उगाच समजतो. ज्याला प्रेम आहे तो नीट मोजतो. आणि मोजून जो कमी भरला त्याला आकडेवारीतून काढत नाही, कंदील घेऊन निघतो. तो एक का गेला हे कळले म्हणजे कदाचित कुंपण कोठे मोडले आहे हेही कळेल, आणि ते कुंपण तर नव्व्याण्णवांचेही आहे.

सर्वच ओळींच्या मागे जाणे कोणाला जमणार नाही, हे आम्ही जाणतो. दिवस चोवीस तासांचा आहे आणि शिक्षकाला घरसंसारही आहे. पण जेथे जाता येत नाही तेथे निदान ती ओळ पुसू नये. कागदावर शेऱ्यासाठी एक रकाना ठेवावा. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याला लिहावयास जागा असावी, एवढे तर आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

पुढच्या सुट्टीत आम्ही आजीला काकांच्या वहीची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले. रोग्याला हात लावलास का, हे तिने पुन्हा विचारले नाही. तिने विचारले, "त्या तुझ्या काकांचे नाव काय?"

आम्ही त्यांना तीन वर्षे काका म्हणत होतो. परत गेल्यावर पहिले काम ते केले.